रुग्णालयातील ज्येष्ठ डॉक्टरांचा सेवापूर्ती सत्कार कसा करावा

शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांची जमवाजमव कोणालाही जमते, त्यामुळे त्याबद्दल येथे काही लिहीत नाही. ज्या डॉक्टरांनी एकाच रुग्णालयात तीस-पस्तीस वर्षे काढली, त्यांचे नेमके काम सत्कारात कसे मांडावे, हा प्रश्न मात्र बहुतेक आयोजक शेवटच्या आठवड्यापर्यंत पुढे ढकलतात आणि मग नाव बदलले की कोणालाही चालेल असे मानपत्र छापून आणतात.

दिवस आणि वेळ

सरकारी सेवेत निवृत्ती महिन्याच्या अखेरच्या दिवशी होते; जन्मतारीख १ असेल, तर आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावून टाकलेल्यांची संख्या मोठी असल्याने ३१ मे रोजी एकाच रुग्णालयातून अनेक जण बाहेर पडतात. समारंभ एकत्र ठेवण्यास हरकत नाही, परंतु मानपत्र प्रत्येकाचे स्वतंत्र असावे. ‘महिनाभर थांबून १ जुलैच्या डॉक्टर दिनाला जोडून घेऊ’ असे कोणी हमखास सुचवते; ते ऐकू नये, कारण त्या दिवशी सगळ्याच डॉक्टरांना गुलाबाचे फूल मिळत असते. वेळ दुपारी दोनच्या सुमारास, परिचारिकांची पाळी बदलताना ठेवावी, म्हणजे सकाळच्या आणि दुपारच्या अशा दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर थोडा वेळ तरी येऊ शकतात.

पैसा आणि नियम

केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार, वरच्या गटातील अधिकाऱ्याच्या निरोपासाठी गट ‘क’ मधील कर्मचाऱ्यांकडून वर्गणी गोळा करण्यास मनाई आहे आणि कोणावरही वर्गणीसाठी दबाव आणता येत नाही. राज्याच्या रुग्णालयांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू असल्याने आस्थापना शाखेकडून ते एकदा पाहून घ्यावेत. नियम काहीही असला, तरी कक्षसेवक आणि सफाई कामगारांसमोर वर्गणीची वही फिरवू नये, असे माझे ठाम मत आहे. जेवण किंवा भेटवस्तू औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून ‘करवून घेण्याचा’ मार्गही बंद समजावा, कारण भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत २००९ साली झालेल्या दुरुस्तीने डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून भेटी घेण्यास मनाई केलेली आहे. रुग्णालयाभोवतीचे किमान १०० मीटर अंतर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते, तेव्हा ढोल-ताशा आणि फटाके यांचा विचारही नको.

मानपत्र

येथे घाई चालत नाही. मी स्वतः या टप्प्यावर पुष्कळ अडखळलो आहे आणि आता निदान दीड-दोन महिने आधी कामाला लागतो. डॉक्टरांकडून परिचयपत्र मागवून त्यावरून मजकूर तयार करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे आणि ती निरुपयोगी आहे. त्यातून पदव्या, बदल्या आणि पुरस्कार एवढेच हाती लागते. डॉक्टरांनी खाटेशेजारी उभे राहून काय केले, ते त्यात कधीच नसते. ती माहिती वॉर्डच्या जुन्या परिसेविकेकडे, शस्त्रक्रियागृहातील मामांकडे, रक्तपेढीच्या तंत्रज्ञांकडे आणि केसपेपरच्या खिडकीवरील लिपिकाकडे असते. त्यांतील काही जण आधीच निवृत्त झालेले असतात, म्हणून त्यांच्या घरी जावे लागते.

विचारावे कसे, यावर सारे अवलंबून आहे. ‘सर कसे होते?’ असे विचारले की ‘सर म्हणजे देवमाणूस’ असे उत्तर येते आणि बोलणे तेथेच संपते. त्याऐवजी ‘रात्री कॉलवर आले की सर आधी काय करायचे?’, ‘सर कशावर चिडायचे?’, ‘सर रुजू झाले तेव्हा आपल्याकडे काय नव्हते?’ असे विचारावे. एका बालरोगतज्ज्ञांविषयी वॉर्डातील मावशींना पहिला प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी उत्तराऐवजी करूनच दाखवले: स्टेथोस्कोपची चकती मुठीत धरून ऊबदार करायची, मूल आईच्या खांद्यावरच राहू द्यायचे आणि आधी पाठीकडून तपासायचे. त्याच डॉक्टरांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या मातांसाठी केसपेपरवर औषधाच्या वेळा सूर्य आणि चंद्र काढून दाखवल्या होत्या, हे लिपिकाने सांगितले. परिचयपत्रात यातले अक्षरही नव्हते.

स्मरण चाळवण्यासाठी सन सांगावे. १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २००५ चा जुलैमधील पूर, २००९ चा स्वाइन फ्लू, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर, २०२० चा कोविड यांपैकी जे आपल्या भागाशी संबंधित असेल ते उच्चारले, की कोण कुठे उभे होते हे लोक आपोआप सांगू लागतात. नव्वदच्या आसपास रुजू झालेल्यांना काचेच्या सिरिंज उकळून वापरल्याचे आणि क्ष-किरण फिल्म अंधाऱ्या खोलीत हाताने धुतल्याचे आठवते. तेथून पुढे बोलणे सोपे जाते. प्रत्येक प्रसंग किमान दोघांकडून पडताळून घ्यावा, रुजू झाल्याची तारीख सेवापुस्तकावरून घ्यावी आणि ‘हजारो शस्त्रक्रिया’ असे लिहिण्यापूर्वी शस्त्रक्रियागृहाची नोंदवही उघडावी. नोंदवही मिळत नसेल, तर आकडा लिहूच नये.

लिहिताना ‘धन्वंतरीचा अवतार’, ‘देवदूत’, ‘रुग्णसेवेचा महामेरू’ हे सारे काढून टाकावे. ‘आपण रुग्णांची अहोरात्र सेवा केलीत’ या वाक्याने कोणाच्याही डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. ‘कोविडच्या काळात आपण दररोज संध्याकाळी सहा वाजता वॉर्डाबाहेर येऊन नातेवाइकांना स्वतः माहिती दिलीत’ हे वाक्य ऐकताच सभागृहातील निम्मे लोक मान हलवतात. मजकूर तीनशे शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नये. छपाईपूर्वी तो डॉक्टरांना दाखवू नये, कारण ते संकोचाने नेमके चांगले तेवढेच खोडतात. त्यांच्या जोडीदाराला किंवा जुन्या सहकाऱ्याला दाखवावा आणि पदव्यांचा क्रम त्यांच्याकडूनच तपासून घ्यावा.

शल्यचिकित्सक आणि प्रसूतितज्ज्ञ यांच्याबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात. भूलतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) आणि शवविच्छेदन करणारे वैद्यकीय अधिकारी यांना रुग्ण ओळखतच नाहीत. त्यांच्यासाठी दुप्पट वेळ राखून ठेवावा आणि चौकशी सहकारी डॉक्टरांकडे करावी.

बऱ्या झालेल्या रुग्णाला मंचावर आणण्याचा मोह बहुतेकांना होतो. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार किंवा वंध्यत्व यांसाठी उपचार घेतलेल्या व्यक्तीला तर आणूच नये. इतरांनाही आधी स्पष्ट विचारून, छायाचित्र कुठे जाणार हे सांगून आणि लेखी संमती घेऊनच आणावे. मानपत्रातही रुग्णाची ओळख पटेल असा गावाचा किंवा आजाराचा उल्लेख येऊ देऊ नये.

मंचावर

वक्ते चारच ठेवावेत आणि त्यांतला एक चतुर्थश्रेणी कर्मचारी असावा. लोकप्रतिनिधींना बोलवायचेच असेल, तर त्यांचे भाषण पहिले ठेवावे, म्हणजे ते उरकून ते वेळेवर निघू शकतात. मानपत्राचे वाचन भाड्याच्या निवेदकाकडे देऊ नये. डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेल्या कोणीतरी ते वाचावे आणि आदल्या दिवशी एकदा मोठ्याने वाचून पाहावे. महिला डॉक्टरांची मंचावर ओटी भरण्याची हौस अनेकांना असते. त्या अविवाहित असतील किंवा पती हयात नसतील, तर चारचौघांत मोठा अवघड प्रसंग ओढवतो, म्हणून त्यांनी स्वतः इच्छा दाखवल्याशिवाय हा प्रकार ठेवू नये.

अपघात विभाग आणि अतिदक्षता विभागातील कर्मचारी कार्यक्रमाला येऊ शकत नाहीत. समारंभ संपताच डॉक्टरांना घेऊन त्या विभागांतून एक फेरी मारावी. हार मात्र सभागृहातच काढून ठेवावेत, फुले अतिदक्षता विभागात नेऊ नयेत.

निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव आणि ना-देणे प्रमाणपत्र वेळेत मार्गी लागले आहे का, हे आयोजकांनी आस्थापना शाखेत सतत विचारत राहावे. शाल पांघरून घरी गेलेले डॉक्टर पुढे कित्येक महिने त्याच कार्यालयाच्या बाकावर बसलेले मी पाहिले आहेत. शेवटचे काम केसपेपरच्या खिडकीवर करायचे आहे: निवृत्त डॉक्टरांचे नेहमीचे रुग्ण यापुढे कोणत्या दिवशी आणि कोणत्या डॉक्टरांकडे जातील, याची मोठ्या अक्षरांतली सूचना पहिल्या तारखेला सकाळी ओपीडी सुरू होण्यापूर्वी लावावी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती सांगण्याची जबाबदारी तेथील एका कर्मचाऱ्यावर नावानिशी सोपवावी.