माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून शिष्यवृत्ती : सोलापूरहून अर्ज करताना

ख्रिस्ती विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांच्या देणगीवर चालणारी शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तींच्या पोर्टलवर, दिसत नाही, तिची जाहिरात सहसा पेपरात येत नाही आणि पात्र असलं म्हणजे ती मिळेलच असंही नाही. तरी खाजगी किंवा अभिमत विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्याने तिचा विचार आधीच करावा, कारण राज्याच्या बऱ्याच शुल्कसवलती अशा ठिकाणी चालत नाहीत. 2024मध्ये मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जी पूर्ण शुल्कमाफी जाहीर झाली, तिच्यातूनही खाजगी आणि अभिमत विद्यापीठं वगळलेली आहेत. प्रवेश झाल्यावर हे कळलं तर पहिल्या हप्त्यालाच घर कोलमडतं.

म्हणून आपण नेमके कुठे चाललोय ते आधी बघा. पुण्यात औंधचं स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ हे खाजगी विद्यापीठ आहे. बंगळुरूचं क्राइस्ट 2008पासून अभिमत आहे आणि त्याचा एक कॅम्पस लवासात आहे. मुंबईचं विल्सन (1832), झेवियर्स (1869) किंवा नगरचं अहमदनगर कॉलेज (1947) ही मात्र ख्रिस्ती परंपरेतली महाविद्यालयं. तिथल्या अनुदानित अभ्यासक्रमांना फी मुळात कमी असते आणि महाडीबीटीही चालतं, त्यामुळे तिथे माजी विद्यार्थ्यांचा पैसा मुख्यतः होस्टेल, मेस आणि पुस्तकं यांसाठी मागावा. चौकशी रजिस्ट्रार कार्यालयात किंवा विद्यार्थी कल्याण विभागात करा, प्रवेशाच्या खिडकीवर नको; तिथल्या माणसाला निधींची नावंही माहीत नसतात. ॲडव्हेंटिस्ट संस्थांत शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, पाळतात. शनिवारी फोन करून ‘कोणी उचलतच नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

आता हा पैसा येतो कसा ते समजून घ्या, कारण रक्कम आणि वेळ दोन्ही त्यावर ठरतात. एक प्रकार कायम ठेवीचा. दाता समजा पाच लाख रुपये मूळ निधी म्हणून लेखी देतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वाटायचं. सात टक्क्यांनी वर्षाला 35,000 मिळतात. त्यातले थोडे महागाईसाठी मुद्दलात परत टाकले आणि उरलेले दोघांत वाटले, तर एकाच्या हाती पंधरा हजारांच्या आसपास पडतात. 2020-21मध्ये मोठ्या बँकांचे ठेवींचे दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास आले तेव्हा हेच व्याज 27,500वर आलं असतं. मागच्या वर्षी सीनियरला जेवढे मिळाले तेवढेच आपल्याला मिळतील असं धरू नये ते यासाठी.

दुसरा प्रकार बॅचच्या वर्गणीचा. पंचवीस वर्षांनी मेळावा भरतो, स्टेजवर आकडा जाहीर होतो, टाळ्या पडतात; पैसे मात्र हप्त्याहप्त्याने येतात. त्यामुळे डिसेंबरात जाहीर झालेला निधी पुढच्या जून-जुलैच्या आधी वाटपाला येईल अशी आशा धरू नका. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी संस्थेला परकीय अंशदान कायद्याखाली दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्यावी लागते. त्या कायद्याखालच्या नोंदणीचं नूतनीकरण अडकलं की त्या वर्षी तो ओघ थांबतो, मग कार्यालय कितीही चांगलं असो. (‘हे सगळे टॅक्स वाचवायला देतात’ असं पालक सर्रास म्हणतात. नव्या करप्रणालीत अशा देणगीची वजावट मिळतच नाही, आणि देणारे तरीही देतात.)

तिसरा प्रकार तातडीच्या मदतीचा : कमावत्या माणसाचं आजारपण, मृत्यू, आग, पूर. याला ठरावीक मुदत नसते. विभागप्रमुखाच्या शिफारशीवर पाच-दहा हजार लवकर सुटू शकतात. याचा अर्ज वर्षाच्या मध्येही करता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

प्रत्येक निधीला दात्याची अट असते आणि समितीला ती मोडता येत नाही. एखादा निधी फक्त रसायनशास्त्राच्या मुलीसाठी, एखादा चर्चच्या पाळकांच्या मुलांसाठी, एखादा घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्यासाठी. ‘आपण ख्रिस्ती नाही, आपल्याला कोण देणार’ म्हणून अर्जच न करणारे सोलापुरात खूप भेटतील. धर्माची अट काही निधींना असते, सगळ्यांना नसते. बरेच दाते स्वतःच ख्रिस्ती नसतात, फक्त त्या कॉलेजात शिकलेले असतात. अटींची यादी मागा, वाचा, आणि आपण बसतो त्या दोन-तीन निधींची नावं अर्जात स्पष्ट लिहा. ‘कोणतीही शिष्यवृत्ती चालेल’ असा अर्ज गठ्ठ्यात खाली जातो.

कागदांत सोलापूरची मुलं दोन ठिकाणी अडकतात. पहिलं, नाव. तेलुगू किंवा कन्नड घरातलं आडनाव दहावीच्या मार्कलिस्टवर एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या आणि बँकेच्या पासबुकावर तिसऱ्या. रक्कम मंजूर होते आणि खात्यात जमा होताना परत जाते. मार्कलिस्ट प्रमाण धरून आधार आणि बँक खातं मे महिन्यातच जुळवून घ्या. दुसरं, उत्पन्न. आई बिड्या वळते, वडील यंत्रमागावर, मजुरी आठवड्याला रोख. पगारपत्रक कुठून आणणार? तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतोच. तो महा ई-सेवा केंद्रातून काढता येतो. त्यावरची मुदत वाचा, कारण ती बहुधा 31 मार्चला संपते आणि जुना दाखला जूनमध्ये उपयोगाचा नसतो. सोबत आईचं बिडी कामगार ओळखपत्र आणि पीएफची स्लिप, कारखानदाराचं मजुरीचं पत्र, रेशनकार्ड. सांगोला, मंगळवेढ्याकडच्या शेतकरी घरांनी सातबारा आणि आठ-अ लावावा. पण सातबाऱ्यावर आठ एकर दिसले की बाहेरच्या समितीला तुम्ही बागायतदार वाटता. जमीन जिरायत आहे, ज्वारीचं एकच पीक निघतं, हे अर्जात एका ओळीत सांगा.

अर्जाचं पत्र एका पानाच्या वर नको. गरिबीचं वर्णन समिती शेकड्यांनी वाचते. तिला हिशोब हवा असतो. तो असा मांडा : वर्षाची फी 95,000, होस्टेल आणि मेस 72,000, पुस्तकं आणि प्रवास 13,000, एकूण 1,80,000. घरून 60,000, शैक्षणिक कर्ज 80,000, बाकी 40,000. त्या बाकीसाठीच मागा. पूर्ण 1,80,000 मागणाऱ्याला, बाकीचे कुठून आणणार हे सांगता येत नसेल, तर समिती बिचकते. पंधरा हजार देऊन हा पोरगा फी भरू शकेल का, ही तिची खरी शंका असते. कुठलीही दुसरी मदत लपवू नका. बिडी कामगारांच्या पाल्यांची केंद्राची शिष्यवृत्ती किंवा अल्पसंख्याक शिष्यवृत्ती घेत असाल तर रकमेसह लिहा. एकाच फीसाठी दोन मदती बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, पण एक फीला आणि दुसरी मेसला अशी विभागणी समिती करून देऊ शकते.

मुलाखत दहा मिनिटांची असते. पुण्यात असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळच्या हुतात्माने परत येता येतं, मात्र वेळ अकराच्या पुढची मागून घ्या. इंग्रजी कच्चं असेल तर मराठीत किंवा हिंदीत बोलू का, असं सरळ विचारा. अर्जातले आकडे पाठ हवेत. मेसचा आकडा पानावर एक आणि तोंडात दुसरा आला की संशय येतो. अर्जाची फी किंवा ‘शिफारशीचे’ पैसे कोणी मागितले तर तो माणूस संस्थेचा नाही असं धरा आणि रजिस्ट्रारला कळवा.

पहिला हप्ता मात्र शिष्यवृत्तीच्या भरवशावर ठेवू नका. वाटप अनेकदा ऑगस्ट-सप्टेंबरात होतं आणि फी जूनमध्ये भरायची असते. मंजुरीपत्र आलं असेल तर ते दाखवून मुदतवाढ लेखी मागा, तोंडी मिळालेली मुदतवाढ काउंटरवरचा माणूस बदलला की संपते. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला बहुधा 75 टक्के हजेरी आणि केटी (राहिलेला विषय) नसणं लागतं. सत्राच्या शेवटी दात्याला पत्र लिहायला सांगतात. निकाल, चालू विषय आणि पैसे कशावर गेले एवढं त्यात असावं, नवी मागणी नसावी.

पहिल्या वर्षी नाव लागलं नाही तर सत्राचे निकाल लागल्यावर पुन्हा कार्यालयात जा. कोणाला केटी लागते, कोणी कॉलेज सोडतं, आणि त्या निधीची रक्कम मोकळी होते. त्या वेळी दाखला, हिशोब आणि मार्कलिस्ट घेऊन काउंटरवर उभे असणारे फारच थोडे असतात.