मारुती ८००चा डॅशबोर्ड घरी काढताना आणि बसवताना

उंदराने वायरिंग कुरतडलं म्हणून मी पहिल्यांदा ८००चा डॅशबोर्ड उतरवला. त्यानंतर स्वतःच्या आणि शेजारपाजारच्या मिळून पाच-सहा गाड्यांचे झाले. हे सगळं बिनएअरबॅगच्या गाडीचं सांगतोय. एअरबॅग असेल तर घरी हात लावू नका. ‘बॅटरी काढली की झालं’ म्हणणारे भेटतील, पण बॅटरी काढल्यावरही त्या सर्किटमध्ये काही वेळ चार्ज टिकतो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. गाडी तासभर उन्हात उभी करा. हे प्लास्टिक म्हातारं झालंय (२०१४ साली गाडीचं उत्पादनच थांबलं), थंडीच्या सकाळी ओढलंत तर क्लिपा कटाकट तुटतात. स्टिअरिंग, रेडिओ, ग्लोव्ह बॉक्स काढा. स्क्रू इडलीपात्रात, एका साच्यात एका जागचे. घरच्यांना आधी विचारा. कप्लरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाच्या) दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून एकच आकडा लिहा. नुसत्या फोटोत सगळ्या वायरी सारख्याच दिसतात.

आता मीटर. डॅशसकट मीटर ओढायचा नाही. आधी मीटरचे स्क्रू काढा, तो चार बोटं पुढे घ्या आणि मागे हात घाला. स्पीडोमीटरची केबल तिथे एका खटक्याने अडकलेली असते. खटका दाबून धरा, मग ओढा. केबल पुरत नसेल तर इंजिनाच्या बाजूने रबरी बुचातून थोडी आत ढकला. मी पहिल्या वेळी जोर लावला आणि खटकाच हातात आला.

यानंतर हीटरच्या केबल, कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर चोकची, मग डॅशचे बोल्ट. दोघांनी मिळून उचला.

खरी परीक्षा बसवताना. डॅश जागेवर सरकवण्याआधी स्पीडोमीटरच्या केबलला आणि मीटरच्या कप्लरना सुतळी बांधा, सुतळीची टोकं मीटरच्या खिडकीतून बाहेर काढा. मी हे विसरलो होतो. सगळे बोल्ट आवळले, खिडकीतून पाहतो तर केबल आत कुठेतरी पडलेली. रात्री नऊला पुन्हा सगळं सोडवलं.

बोल्ट आधी नुसते अडकवा. टॉर्च घेऊन डॅश ज्यांवर बसतो त्या पत्र्याच्या पट्ट्यांच्या मागे बघा. एखादी वायर पत्र्यात चिमटली तर आज काही कळत नाही, महिन्याभराने फ्यूज उडायला लागतो. केबलच्या आतल्या तारेचं टोक चौकोनी असतं. ते मीटरच्या चौकोनी भोकात जाईपर्यंत बोटांनी हळू फिरवा, मगच खटका लावा. नाहीतर बाहेरचा खटका बसतो आणि काटा शून्यावरच.

बॅटरी जोडून हॉर्न, वायपर, इंडिकेटर, पंखा तपासा. मगच आवळा.

चक्कर मारताना काटा थरथरला तर केबल कुठेतरी जास्त वाकलीय. डॅश पुन्हा काढू नका. मीटर पुढे घ्या आणि इंजिनाच्या बाजूने केबल थोडी मागे ओढून वळण सैल करा.