अस्तर खरंच घट्ट झालं का? ह्यूवेकवर रसायन तपासताना

पावसाळ्यात ठाण्यात डेंग्यू वाढला की पेशंटच्या घरचे प्लेटलेट्सच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात. पण जीव धोक्यात येतो तो बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपल्याने. वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी व्हीई-कॅडहेरिन या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात. ही पकड सैल झाली की फटी पडतात. ती घट्ट करणारं रसायन शोधणं मला फार मोलाचं वाटतं, म्हणून रबाळ्याच्या आमच्या लॅबमध्ये डिझर्टेशनला येणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलांकडून मी हा प्रयोग मन लावून करून घेते.

पेशी ह्यूवेक घ्या, म्हणजे नाळेच्या शिरेतल्या. पाचव्या-सहाव्या पॅसेजच्या (म्हणजे नव्या भांड्यात पुन्हा वाढवण्याच्या फेरीच्या) पुढच्या नकोत. 6.5 मिमीच्या ट्रान्सवेल इन्सर्टला, म्हणजे सच्छिद्र तळाच्या छोट्या कपाला, फायब्रोनेक्टिन या पेशी चिकटवणाऱ्या प्रथिनाचा कोट द्या आणि पेशी दाट पेरा. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली थर भरलेला दिसतो आणि मुलांना लगेच रसायन घालायची घाई होते. थांबा. पेशी एकमेकींना टेकल्या म्हणजे जोड पक्का झाला असं नव्हे, त्याला आणखी दोन-तीन दिवस लागतात. कच्च्या थरावर काहीही घाला, थर आपोआप पिकत जातो आणि श्रेय रसायनाला मिळतं. पावसात इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेकडे रोज बघा. ओल्या चपला आणि छत्र्या कल्चर रूमच्या बाहेरच ठेवा, बुरशी तिथूनच शिरते.

आता टीअर, म्हणजे थराचा विद्युतरोध. रिकाम्या इन्सर्टचं रीडिंग वजा करा आणि उरलेल्याला 0.33 चौरस सेंमीने गुणा. समजा 160 ओहम आले आणि रिकाम्याचे 115, तर 45 गुणिले 0.33, म्हणजे साधारण 15 ओहम-चौरस सेंमी. ह्यूवेकचे आकडे असे लहानच असतात, मेंदूच्या वाहिन्यांच्या आकड्यांशी तुलना करून खट्टू होऊ नका.

या लहान आकड्यांमुळेच तापमान फसवतं. प्लेट 37 अंशांवरून काढून एसीच्या हुडमध्ये आणली की मीडियम थंड होतं, आणि द्रव थंड झाला की रोध वाढतो. प्लेटमधल्या पहिल्या वेलपासून (खळग्यापासून) शेवटच्या वेलपर्यंत पोचेस्तोवर रीडिंग चढत जातं. रसायनाचे वेल शेवटी मोजले तर कागदावर झकास ‘परिणाम’ उमटतो, पेशींना मात्र काहीच झालेलं नसतं. म्हणून एक तर वॉर्मिंग प्लेटवर मोजा, किंवा सगळ्या वेल्सना सारखा वेळ बाहेर ठेवून मग मोजा. कंट्रोल (रसायन न घातलेले) आणि रसायनाचे वेल आलटूनपालटून घ्या. रोध मोजणारा दोन काड्यांचा चॉपस्टिक इलेक्ट्रोड दर वेळी उभा आणि त्याच खाचेत धरा.

सुरुवात फोर्स्कोलिनने करा. हे आपल्या शेजारचं रसायन आहे: 1970च्या दशकात मुलुंडच्या हेक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या लोकांनी ते कोलियस या वनस्पतीच्या मुळांतून वेगळं केलं. गुजराती घरांत जिचं लोणचं घालतात, तीच ही गरमर. फोर्स्कोलिन पेशीतलं सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढवतं, त्यातून एपॅक आणि रॅप1 ही प्रथिनं जागी होतात आणि कॅडहेरिनची पकड आवळते. 10 मायक्रोमोलर पुरे. रसायन ज्यात विरघळवतो तो डीएमएसओ शेवटी 0.1 टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि कंट्रोललाही तेवढाच घाला. परिणाम दिसला तर फक्त एपॅकला चालना देणारं ‘007’ नावाचं रसायन लावून बघा, म्हणजे वाट कुठली ते कळेल.

दुसरं एस1पी, म्हणजे स्फिंगोसिन-1-फॉस्फेट हा स्निग्ध रेणू. सीरममध्ये ते आधीपासूनच असतं, म्हणून आधी एक-दोन तास कमी सीरमच्या मीडियममध्ये पेशी ठेवा, नाहीतर फरक झाकला जाईल. ते प्लास्टिकला चिकटतं, त्यामुळे फॅटी ॲसिड काढलेल्या अल्ब्युमिनमध्ये विरघळवा. 1 मायक्रोमोलरच्या आसपास टीअर काही मिनिटांत चढतो. डोस बराच वाढवला की उलटं होतं: पेशीवरचा त्याचा दुसरा रिसेप्टर ऱ्होए हे पेशी आकसवणारं प्रथिन चालू करतो आणि फटी पडतात. एका डोसवर निष्कर्ष काढणारा रिपोर्ट मी परत करते.

नुसता चढलेला टीअर मला पुरत नाही. रसायन देऊन अर्ध्या तासाने थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारं आणि अस्तरात फटी पाडणारं एन्झाइम घाला, 1 युनिट प्रति मिली. कंट्रोलचा टीअर काही मिनिटांतच कोसळू लागतो आणि तासा-दोन तासांत सावरतो. रसायनाच्या वेलमध्ये तो कमी कोसळला, तर संरक्षण मिळालं असं म्हणा. वेगळ्या इन्सर्टवर 70 किलोडाल्टनचं फ्लुरोसंट डेक्सट्रान (चमकणारा, प्रथिनाएवढा मोठा साखरेचा रेणू) वर घालून खाली किती उतरतं तेही मोजा. टीअर आयनांबद्दल सांगतो, प्लाझ्मातल्या प्रथिनांबद्दल नाही.

शेवटी एक प्लेट कॅडहेरिनसाठी रंगवा. कंट्रोलमध्ये पेशींच्या कडा दातेरी दिसतात, फोर्स्कोलिननंतर त्या सरळ, सलग रेषा होतात. टीअर, डेक्सट्रान आणि हे चित्र एकाच दिशेला बोलत नसतील, तर पोस्टर छापायच्या आधी मला भेटा. आणि घरी कोणाला डेंग्यू झाला असेल, तर फोर्स्कोलिनच्या बाजारी गोळ्या चुकूनही देऊ नका. प्लेटमधला निकाल म्हणजे औषध नव्हे. पेशंटला डॉक्टरांकडे न्या.