टोकन खरं की खोटं: गेम झोनच्या देखभालीत नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक करून या लाइनीत आलेली मुलं पहिल्या आठवड्यातच विचारतात, "दादा, खोटं टोकन अजिबात न घेणारा अ‍ॅक्सेप्टर कोणता?" असा अ‍ॅक्सेप्टर नाही. टाकलेलं टोकन तपासून आत घेणारा किंवा परत टाकणारा मशीनमधला भाग म्हणजे अ‍ॅक्सेप्टर. मी पुणे आणि नाशिकच्या बाजूला टोकनवर चालणाऱ्या मशीनची कामं करतो. रेसिंग, एअर हॉकी, क्लॉ मशीन, लहान मुलांच्या झुलत्या गाड्या आणि अधूनमधून गावातली पाण्याची एटीएम. माझं मत आता पक्कं झालं आहे. खोटं टोकन अडवायचं काम अ‍ॅक्सेप्टरचं, पण ते आपल्या झोनमध्ये फिरतंय हे कळतं वहीतून. ज्याला स्क्रू-ड्रायव्हर आणि वही दोन्ही चालवता येतात, त्याला मालक सोडत नाहीत.

मॉलमधल्या मोठ्या साखळ्या कार्डावर गेल्या, हे खरं आहे. तरी तालुक्याच्या गावातले गाळे, जत्रांतले तंबू, रिसॉर्टमधले चार-पाच मशीनचे कोपरे इथे टोकन चालूच आहे. कार्डाची यंत्रणा बसवायचा खर्च तिथे परवडत नाही. कॅसिनोत काम मिळेल का, असंही काही जण विचारतात. महाराष्ट्रात नाही. आपल्याकडचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात कॅसिनो आहेत, पण कॅसिनोंच्या स्लॉट मशीनमध्ये जगभरच टोकनची जागा बहुतेक छापील तिकिटाने घेतली. टोकनचं काम शिकायचं तर ते साध्या गेम झोनमध्येच शिकावं लागतं.

खोटं टोकन म्हटलं की कुणीतरी साचा करून ओतलेली हुबेहूब नक्कल डोळ्यांसमोर येते. तशी क्वचित सापडते. डब्यात सर्रास निघतं ते दुसऱ्या झोनचं टोकन. २५ मिलिमीटरचं, एका बाजूला तारा किंवा मुकुट असलेलं पितळी टोकन व्यापाऱ्याकडे तयार मिळतं आणि एकाच शहरातले दोन मालक तेच घेऊन येतात. एका ठिकाणी ते दहा रुपयांना, दुसरीकडे वीसला. मुलांना हे मालकांच्या आधी कळतं. न्यूयॉर्कच्या सबवेला १९८० च्या दशकात नेमका हाच त्रास झाला. शेजारच्या कनेक्टिकट राज्यातल्या टोल रस्त्याचं टोकन साडेसतरा सेंटचं होतं आणि ते सबवेच्या फिरत्या फाटकात बिनबोभाट चालायचं. सबवेचं भाडं तेव्हा ७५ सेंट. टोकन दोन्हीकडचं अस्सल, तरी एकीकडचा तोटा खरा. १९८६ मध्ये न्यूयॉर्कने मधोमध वेगळ्या धातूचा ठिपका असलेलं टोकन आणलं.

दुसरा प्रकार म्हणजे आपलीच नाणी, आणि इकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटरचं आहे. तुमचं टोकनही २५ चं असेल आणि अ‍ॅक्सेप्टर जुना, फक्त आकार बघणारा असेल, तर दोन रुपयांत वीस रुपयांचा खेळ होतो. २०१९ च्या मालिकेत पाचचं नाणं २५ मिलिमीटरचं झालं आणि दोनचं २३ चं. त्याआधी पाचचं २३ होतं. म्हणजे व्यासावरून दोन आणि पाच यांत फरक करायची सोय राहिली नाही. धातूवरून मात्र करता येतो. एक आणि दोनची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची, लोहचुंबकाला चिकटतात. पाचचं निकेल-ब्रासचं, चिकटत नाही. पाण्याच्या एटीएमचं काम हाती आलं की हा फरक पाठच हवा, कारण तिथे गावकरी दोन्ही मालिकांची नाणी टाकतात आणि दोन्ही खरीच असतात. नवं टोकन ठरवताना मालक विचारतोच, तेव्हा २०, २२, २३, २५ आणि २७ मिलिमीटर हे आकार सरळ टाळायला सांगा. आपली नाणी याच मापांच्या आसपास आहेत.

आता अ‍ॅक्सेप्टर. झोनमध्ये मुख्यतः दोन जातींचे भेटतात. एकात तुमचंच एक टोकन नमुना म्हणून कायमचं अडकवलेलं असतं, दोन कॉइलच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांच्या, मध्ये. टाकलेलं टोकन शेजारच्या फटीतून जातं. दोघांमुळे कॉइलमध्ये होणारा बदल सारखा असला तर टोकन आत, नाहीतर परत. धातू, जाडी आणि व्यास तिन्हीचा परिणाम त्या एका तुलनेत येतो, म्हणून स्वस्त असूनही हा प्रकार मला आवडतो. याची तक्रार आली की आधी नमुना काढून बघा. बऱ्याचदा तो हललेला असतो, नाहीतर कुणीतरी गडबडीत दुसऱ्याच लॉटचं टोकन बसवलेलं असतं. संवेदनशीलतेच्या स्क्रूला हात लावायची वेळ त्यानंतर.

दुसरी जात शिकवता येणारी. बाजारात नेहमी मिळणाऱ्या मॉडेलच्या छोट्या डिस्प्लेवर ई, एच, पी, एफ अशी अक्षरं येतात. ई म्हणजे किती प्रकारची नाणी घ्यायची, एच म्हणजे प्रत्येकाचे किती नमुने टाकून शिकवायचं, पी म्हणजे एका टोकनला किती पल्स, म्हणजे मशीनला विजेचे किती इशारे, द्यायचे, आणि एफ म्हणजे काटेकोरपणा. एफचा आकडा लहान तितका अ‍ॅक्सेप्टर कडक.

इथे थोडं थांबतो, कारण माझ्या मते खोट्या टोकनांची निम्मी समस्या इथेच जन्माला येते. नव्या झोनचं उद्घाटन असतं. पिशवीतून चकचकीत, नवी टोकनं काढून मशीनला शिकवली जातात. सहा-आठ महिन्यांत टोकनं झिजतात, कडा गुळगुळीत होतात, मुलांच्या हातांचा चिकटपणा आणि पॉपकॉर्नचं तेल त्यांच्यावर बसतं. मशीन खरी टोकनं परत टाकायला लागतं. शनिवारची संध्याकाळ, रांग लागलेली, मालकाचा फोन येतो, "अरे, मशीन टोकन घेईना, काहीतरी कर!" मग कुणीतरी एफ वाढवतं. गर्दी सुटते, सगळे खूश. पण तो आकडा पुन्हा खाली कुणी आणत नाही आणि त्या ढिल्या दारातून वॉशर, चकत्या, शेजारच्या झोनची टोकनं सगळंच आत येतं. म्हणून शिकवताना मूठभर टोकनं निवडून घ्या. काही कोरी, काही मधल्या वयाची, काही अगदी झिजलेली. टाकतानाही वेग बदला. काही हळू सोडा, काही मुलं ढकलतात तशी जोरात. मग एफ कडक ठेवूनही खरी टोकनं अडत नाहीत. टोकनं दर महिन्याला साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण कोरडी करायची सवय मालकाला लावा. यावर एक रुपयाही खर्च होत नाही आणि तक्रारी लगेच कमी होतात.

हाताने तपासायला सोनाराचा छोटा डिजिटल काटा, व्यास-जाडी मोजायचा व्हर्नियर आणि लोहचुंबक एवढं पुरतं. काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा घ्या. नव्या लॉटमधल्या काही टोकनांची आणि जुन्यातल्या काहींची वजनं वहीत आधीच टिपून ठेवा, म्हणजे झिजेमुळे किती फरक पडतो ते कळतं. ओतीव नक्कल डोळ्यांनाही कळते. अक्षरांच्या कडा बोथट असतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, आणि काठावरून नख फिरवलं तर साच्याचा जोड लागतो. ठोकून केलेल्या टोकनाची अक्षरं झिजली तरी त्यांचा पाया सरळ राहतो. दोन टोकनं शेजारी धरून खिडकीच्या उजेडात तिरकी करून बघितलीत की हा फरक दिसतो.

वजन जुळलं म्हणजे टोकन खरं, असंही धरू नका. जपानने १९८२ मध्ये ५०० येनचं नाणं काढलं आणि त्याच वर्षी दक्षिण कोरियाने ५०० वॉनचं. दोन्हीचा धातू तांबे-निकेल, दोन्हीचा व्यास साडेसव्वीस मिलिमीटर. फरक वजनात: येन ७.२ ग्रॅम, वॉन ७.७. वॉनची किंमत येनच्या मानाने अगदीच थोडी. लोकांनी वॉनच्या नाण्याला भोकं पाडून, ते खरवडून तेवढा अर्धा ग्रॅम कमी केला आणि जपानी व्हेंडिंग मशीन फसली. शेवटी २००० मध्ये जपानने नाण्याचा धातूच बदलून निकेल-ब्रास केला आणि २०२१ मध्ये दोन रंगांचं नाणं आणलं.

आता वही. प्रत्येक मशीनला क्रेडिट, म्हणजे टोकनामागे मिळालेला खेळ, मोजणारा मीटर असतो आणि खाली टोकनांचा डबा. डबा उघडताना दोन्ही आकडे लिहा. मीटर जास्त आणि डब्यात टोकनं कमी, तर टोकन न पडता क्रेडिट मिळतंय. दोऱ्याला बांधून ओढलेलं टोकन असेल, बाहेरून इलेक्ट्रिक लायटरचा झटका असेल, किंवा नुसतं खराब अर्थिंग आणि हलणारा १२ व्होल्टचा पुरवठा असेल. नाहीतर डब्याची चावी दुसऱ्या कुणाच्या हातात आहे. डब्यात जास्त आणि मीटर कमी, तर मशीन टोकन गिळतंय आणि पल्स पुढे जात नाही. पल्सची वायर, कनेक्टर बघा. दोन्ही जुळलं म्हणजे खोटं टोकन नाही, असं मात्र नाही. घेतलेल्या खोट्या टोकनाला मीटर खरंच समजतो. ते पकडायला संपूर्ण झोनचा साठा मोजावा लागतो: काउंटरवरची, सगळ्या डब्यांतली आणि कपाटातली टोकनं. हा आकडा आठवड्याला थोडाथोडा कमीच व्हायला हवा, कारण मुलं खिशात टोकन घेऊन घरी जातात, ती हरवतात, कुणी आठवण म्हणून ठेवतं. साठा कमी झाला की मालक ओरडतो. मी सांगतो, साठा जागच्या जागी राहिला किंवा वाढला तर जास्त काळजी करा. बाहेरून टोकन येतंय, याशिवाय त्याला दुसरं कारण नसतं.

अमेरिकेत लुई कोलावेक्चिओ नावाच्या माणसाने नव्वदच्या दशकात कॅसिनोंची टोकनं इतकी चोख बनवली की मशीन ती मुकाट घेत होती. कॅसिनोच्या लोकांना संशय आला तो मोजणीत. त्यांच्याकडे असायला हवीत त्याहून जास्त टोकनं निघाली. १९९६ च्या अखेरीस तो अटलांटिक सिटीत पकडला गेला. तालुक्याच्या झोनमध्ये दर सोमवारी सकाळी केलेली मोजणी हेच काम करते.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण ती फार ठिकाणी चुकते. मशीनने घेतलेलं खोटं टोकन डब्यातून काउंटरवर जातं आणि काउंटरवरच्या ताई तेच पुढच्या गिऱ्हाइकाला पैसे घेऊन देतात. नंतर एखाद्या कडक मशीनमध्ये ते अडकतं आणि नववीतला एखादा पोरगा सगळ्यांसमोर चोर ठरतो. त्याने ते तुमच्याच काउंटरवरून विकत घेतलेलं असू शकतं. म्हणून कुणाच्याही हातात खोटं टोकन सापडलं तर आवाज चढवू नका. ते काढून घ्या, बदली खरं द्या. सापडलेलं टोकन प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून त्यावर तारीख आणि मशीनचा नंबर लिहा. पिशव्या साठत गेल्या की कोणत्या वाराला, कोणत्या मशीनवर ती जास्त येतात ते आपोआप दिसतं. पोलिसांकडे जायचं की नाही ते मालक ठरवेल, आणि जायचं ठरलं तर याच पिशव्या उपयोगी पडतात.

फारच टोकनं निघायला लागली तर टोकन बदलायचा निर्णय होतो आणि ती सगळी रात्र तुमच्यावर येते. आधी पंधरा दिवस काउंटरवर पाटी लावायला सांगा की जुनी टोकनं अमुक तारखेपर्यंत बदलून मिळतील. बदलून देताना प्रत्येक टोकन चुंबकावरून आणि काट्यावरून जाऊ द्या. नवं टोकन मधोमध वेगळ्या धातूचं, किंवा एका बाजूला खोल खाचा असलेलं, आणि मापाने आपल्या कुठल्याही नाण्यापासून दूर असं मागवा. डायवर, म्हणजे टोकनावर छाप ठोकायच्या ठशावर, झोनचं नाव कोरून घ्या आणि ती डाय मालकाच्या ताब्यात राहील, हे ऑर्डर देतानाच लेखी घ्या. नाहीतर तेच टोकन पुढच्या महिन्यात शेजारच्या गावी विकायला येतं. सगळे अ‍ॅक्सेप्टर एकाच रात्रीत शिकवा आणि प्रत्येकात जुनं टोकन टाकून ते परत येतं का ते बघा. नवी टोकनं सगळी कोरी असल्यामुळे महिन्या-दीड महिन्याने पुन्हा जाऊन थोड्या झिजलेल्यांसकट नव्याने शिकवावं लागतं. ही दुसरी फेरी मालकाशी दर ठरवतानाच कामात धरा.