प्रॉस्पेक्टस राहू दे, आधी टाइमटेबल बघा

एका कॉलेजच्या ऑफिसात अॅडमिशनच्या खिडकीमागे माझी २६ वर्षं गेली. बारावीनंतर भाची म्हणाली, "मावशी, मला भूगोल हवाय, अर्थशास्त्र हवंय आणि थोडं कोडिंगपण," तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, चल, कॉलेजांचे नोटीस बोर्ड बघून येऊ.

प्रॉस्पेक्टसमध्ये काय, सगळेच विषय असतात. ऑफिसबाहेरच्या काचेच्या फळ्यावर मात्र मागच्या सेमिस्टरचं टाइमटेबल बहुतेक तसंच लटकत असतं. फर्स्ट इयरचं सोडा, सेकंड इयरच्या पानाचा फोटो काढा. तुमचा मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (जोडीचा दुय्यम विषय) एकाच तासाला तर येत नाहीत ना? एका ठिकाणी भूगोलाचं प्रॅक्टिकल मंगळवारी साडेबाराला आणि अर्थशास्त्राचा मायनरही तेव्हाच. पेनाने गोल करून बाजूला लिहिलेलं, 'बदल नंतर कळवू'. खाली तारीख फेब्रुवारीची. आम्ही गेलो होतो जूनमध्ये!

दुसरं, तो मायनर खरंच चालतो का? माझ्या मुलाने एक कॉलेज केवळ मानसशास्त्राच्या मायनरसाठी घेतलं. पुरेशी मुलं नाहीत म्हणून तो विषय सुरूच झाला नाही. मग ओपन इलेक्टिव्हचा, म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या ऐच्छिक विषयाचा, गूगल फॉर्म रात्री दहाला उघडला. हा जेवून उठेपर्यंत जागा संपल्या. वाट्याला आलं पर्सनल फायनान्स. म्हणून 'गेल्या वर्षी या मायनरला किती मुलं होती?' हे विचाराच. खिडकीवर उत्तर मिळणार नाही (आम्हीही देत नसू), कॅन्टीनमध्ये सेकंड इयरच्या पोरांना गाठा.

राज्यात नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून लागू झालं, विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत त्यानंतर वर्षाने. म्हणजे स्वायत्त कॉलेजांच्या हाताला जरा आधीपासूनची सवय. या धोरणातलं पदवीचं चौथं वर्ष (ऑनर्स) करायचं असेल तर ते तुमच्या मेजरला तिथे सुरू आहे का, हे आधीच विचारा. संशोधनासह ऑनर्सला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के गुण लागतात. फीचं एवढंच बघा, की तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित. इमारत तीच असली तरी फरक मोठा पडतो.

आणि लोकल. डोंबिवलीहून फास्ट पकडली तर माटुंग्याला थांबत नाही; दादरला उतरून स्लो घ्यायची. रुइया कॉलेजला जाताना हे, आणि रुपारेल कॉलेजला जायचं तर माटुंगा रोड स्टेशन. सकाळी सातचं लेक्चर आणि दुपारी दीडला ओपन इलेक्टिव्ह असेल, तर मधल्या तासांत मूल कुठे बसणार? लायब्ररीचा रीडिंग हॉल किती वाजता उघडतो, तेही विचारून घ्या.

शेवटी विभागात जाऊन एकच प्रश्न विचारा: प्रोजेक्टला दोन विभागांचे मार्गदर्शक मिळतील का? दोन कॉलेजांत 'बघू' म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी भूगोलाच्या बाईंनी आमच्यासमोरच अर्थशास्त्राच्या सरांना फोन लावला, "अहो, एक मुलगी आलीये, वरती येताय का?" सर चहाचा कप हातात घेऊनच जिना चढून आले. भाचीने फॉर्म तिथेच भरला.