वाचलेलं पेपरात का आठवत नाही? विद्यापीठातल्या मुलांना अभ्यास करायला कसं शिकवावं

"मॅडम, वाचलं सगळं होतं. पेपर हातात आला आणि डोकं कोरं." अभ्यासासाठी मदत मागायला येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य याच चालीचं असतं. दुसरं थोड्या वेळानं, आवाज खाली घेऊन येतं: "हे माझ्याच्यानं होणारं नाही बहुतेक." पहिल्यावर उपाय आहेत. दुसऱ्यावरचा उपायही त्यातूनच निघतो, हे कळायला मला काही वर्षं लागली. सुरुवातीला मी नुसता धीर द्यायचे. तो जेमतेम घरी पोहोचेपर्यंत टिकायचा.

वरच्या वर्गातले विद्यार्थी, नव्यानं शिकवायला लागलेले, किंवा नात्यातल्या कुणी "जरा बघ ना याच्या अभ्यासाकडे" म्हणून गळ घातलेले, अशांसाठी हे लिहिते आहे. विषय तुमचा नसला तरी चालतं. खरं तर नसलेला बरा, मग समजावून सांगायचा मोह होत नाही.

पहिली भेट: वही बघा

"रोज किती तास अभ्यास करतेस?" हे विचारू नका. उत्तर फुगवलेलं येतं, आणि खरं आलं तरी त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा एकाच बैठकीचा वृत्तांत मागा. परवा संध्याकाळी बसलीस तेव्हा आधी काय उघडलंस? मग काय केलंस? फोन कुठे होता? उठलीस कधी आणि कशामुळे? येताना वही, हाती लागली तर जुनी उत्तरपत्रिका आणि सध्या चालू असलेलं एक प्रकरण आणायला सांगा.

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी अशीच वही घेऊन आली होती. अक्षर सुबक, शीर्षकं दोन रंगांत, आणि पिवळा हायलायटर इतका फिरवलेला की न रंगवलेल्या ओळीच उठून दिसत होत्या. मी तिला एक पान पाच मिनिटं वाचू दिलं. मग वही मिटली आणि कोरा कागद पुढे सरकवला. "आत्ता वाचलंस त्यातलं आठवेल ते लिही." तिनं शीर्षक लिहिलं. दोन व्याख्या लिहिल्या, त्यातली एक अर्धी. पेन थांबलं आणि ती माझ्याकडे बघायला लागली.

इथे गप्प बसायचं. या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच. मी मनातल्या मनात साठपर्यंत आकडे मोजते. तुम्ही पाचव्या सेकंदाला उत्तराचा पहिला शब्द सुचवलात की बैठक तुमची झाली. त्या दिवशी तिला बऱ्याच वेळानं पानाच्या खालची आकृती आठवली आणि आकृतीवरून आणखी दोन मुद्दे. मग वही उघडून राहिलेलं सगळं हिरव्या पेनानं भरायला सांगितलं. निळं म्हणजे येणारं, हिरवं म्हणजे येतंय असं नुसतं वाटत होतं ते. कागद बराचसा हिरवा झाला. ती हिरमुसली, पण कुठे अडतंय हे तिला पहिल्यांदा दिसलं.

वाचन कमी, आठवणं जास्त

डोळ्यांखालून चार वेळा गेलेला मजकूर ओळखीचा वाटतो आणि या ओळखीलाच आपण येणं समजतो. चेहरा पाहिल्यासारखा वाटतो पण नाव काही केल्या आठवत नाही, तसा हा प्रकार. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी नेहमी सांगते. विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा चार बैठकांत वाचला. दुसऱ्यानं एका बैठकीत वाचून पुढच्या तिन्हींत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं, आठवणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. आणि गंमत अशी की, आपल्याला पुढे चांगलं आठवेल अशी खात्री वाचणाऱ्या गटालाच जास्त होती. पेपर सुरू होईपर्यंत असणारा आणि सुरू झाल्यावर गळून पडणारा आत्मविश्वास तो हाच.

पण आकडे ऐकवून सवय बदलत नाही, प्रयोग तिच्यावरच करा. एकाच प्रकरणातले सारख्या लांबीचे दोन भाग घ्या. एक तिच्या नेहमीच्या पद्धतीनं करू द्या, दुसरा तेवढ्याच वेळात कोऱ्या कागदानं. आठवड्यानं दोन्हींवर पाच-पाच प्रश्न विचारा. उत्तरं लेखी घ्या, म्हणजे फरक तिच्याच अक्षरात तिच्यासमोर राहतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा: नवी पद्धत पहिले दोन आठवडे जुनीपेक्षा वाईट वाटेल. आठवताना अडखळायला होतं, दमायला होतं आणि "मला काहीच येत नाही" असं सारखं वाटतं. हे आधी सांगितलं नाही, तर तिसऱ्या दिवशी हायलायटर परत बाहेर येतो. सांगितलं असेल तर ती येऊन म्हणते, "तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं," आणि टिकते.

रोजच्या वापरासाठी वहीच्या डाव्या बाजूला चार बोटं जागा सोडायला शिकवा. टिपणं उजवीकडे. तास संपला की त्याच दिवशी डावीकडे प्रश्न लिहायचे, मग उजवी बाजू झाकून त्यांची उत्तरं द्यायची. टिपणांची ही पद्धत कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी रुळवली. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले होते. त्यांनी 1885 मध्येच दाखवून दिलं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी. बाकीची अंतरं थोडी मागेपुढे झाली तर बिघडत नाही.

"पण मी ऐकून शिकणाऱ्यांपैकी आहे," असं कुणीतरी म्हणतंच. वाद घालू नका. ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्यानं फायदा होतो, या समजुतीला पुरेसा आधार 2008 मधल्या एका मोठ्या आढाव्यात सापडला नव्हता. पण हे सांगून काही हाती लागत नाही. "बरं, मग मोठ्यानं आठव," म्हणा आणि पुढे चला.

वेळापत्रक: अंदाज आणि प्रत्यक्ष

रंगीत वेळापत्रक करून देऊ नका. ते भिंतीवर लागतं आणि तिथेच राहतं. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध पूर्ण व्हायला किती दिवस लागतील हे विचारलं होतं. सरासरी अंदाज 34 दिवसांच्या आसपास होता, प्रत्यक्षात लागले 55 हून जास्त. तुमच्या विद्यार्थ्याचा अंदाजही असाच चुकणार. त्याला आळशी ठरवू नका, चूक मोजायला शिकवा. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने: अंदाज, प्रत्यक्ष. तीन आठवड्यांत त्याला आपली पट कळते. "मला वाटतं त्याच्या दीडपट लागतं," हे ज्याला कळलं त्याला वेळापत्रक जमतं.

कामं बारीक करायला लावा. "प्रकल्प सुरू करणे" हे काम कुणाच्याच हातून होत नाही. "फाइल उघडून तीन उपशीर्षकं लिहिणे" हे वीस मिनिटांत होतं.

आत्मविश्वासाचं काय?

अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये 'हे मला जमेल' या भावनेचे चार स्रोत सांगितले: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या कुणाला जमताना पाहणं, दुसऱ्यानं दिलेला धीर, आणि शरीराची-मनाची त्या वेळची अवस्था. यात पहिल्याचं वजन सगळ्यात जास्त. आपण शिकवणारे नेमके तिसऱ्यावर विसंबतो, कारण ते स्वस्त आहे.

म्हणून "तू हुशार आहेस गं" हे वाक्य मी बंद केलं. ते ऐकणारीला दोन गोष्टी कळतात: या बाईंना माझी वही नीट दिसलेली नाही, आणि आता चूक झाली तर हुशारीही जाईल. त्याऐवजी जे घडलं तेच सांगा. "गेल्या मंगळवारी या पानावरचे तीन मुद्दे आठवले होते, आज सात. आणि चौथा तू आकृतीवरून शोधलास, कुणी सुचवला नाही." जुने निळे-हिरवे कागद तारीख घालून फाइलला लावून ठेवा. "मला काहीच जमत नाही" असं आलं की फाइल पुढे करा आणि बोलू नका.

काही मुलं गुण चांगले असूनही घाबरलेली असतात. चुकून प्रवेश मिळाला, आज ना उद्या पितळ उघडं पडणार, असं त्यांना वाटतं. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी 1978 मध्ये कर्तबगार स्त्रियांमधल्या या भावनेवर लिहिलं होतं. पुरुषांनाही ती सुटलेली नाही. अशा मुलांशी एखाद्या वरच्या वर्गातल्याची गाठ घालून द्या. पहिला आलेला नको, त्याला बघून ती आणखी खचतात. पहिल्या सत्रात गटांगळ्या खाऊन मग सावरलेला हवा.

शंका विचारायची भीती ही वेगळीच गोष्ट आणि तिचा सराव करावा लागतो. "सर, मला हे प्रकरण समजलं नाही," असा निरोप गेला की उत्तर येतं, "परत वाच." असं लिहायला बसवा: "पान 42 वरच्या उदाहरणात तिसऱ्या पायरीपर्यंत पोहोचले. चौथ्या पायरीत चिन्ह का बदललं ते कळलं नाही. सोबत माझी मांडणी जोडली आहे." पहिला निरोप तुमच्यासमोर लिहून पाठवू द्या. पुढचे तिचे ती पाठवते.

पेन हातात घेऊ नका

निबंध किंवा अहवाल बघायला दिला की हात शिवशिवतो. एक वाक्य दुरुस्त केलंत की उरलेली चाळीस तुमच्या गळ्यात. शिवाय तुमचं लेखन त्याच्या नावावर जाणं ही सरळ लबाडी होते. परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावा. जिथे तो स्वतः अडखळतो तिथे विचारा, "इथे तुला काय म्हणायचं होतं?" तो तोंडी जे सांगतो ते बहुतेक वेळा कागदावरच्यापेक्षा चांगलं असतं. तेच लिही म्हणावं.

परीक्षेआधी

घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायला लावा, निदान दोनदा. वेळेचं गणित आधीच करून ठेवायचं: 180 मिनिटं, 100 गुण. वाचन आणि तपासणीसाठी 20 मिनिटं बाजूला काढली तर गुणाला 1.6 मिनिटं उरतात, म्हणजे दहा गुणांच्या प्रश्नाला 16. सतरावं मिनिट लागलं की चार ओळी सोडून पुढचा प्रश्न. आवडत्या प्रश्नावर पाऊण तास घालवून बुडालेले पेपर मी पाहिले आहेत.

छातीत धडधडणाऱ्यांसाठी एक साधा उपाय: पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढायची. जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांच्या 2011 मधल्या प्रयोगांत घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना याचा फायदा झालेला दिसला. सगळ्यांना पटत नाही, पण करून बघायला एक कागदच लागतो.

झोप उडाली आहे, जेवण तुटलं आहे, मन कशातच लागत नाही असं दिसलं, तर हे काम तुमचं नाही. समुपदेशकाकडे पाठवा, शक्य असेल तर दारापर्यंत सोबत जा. कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा केली तर वाट बघू नका, त्याच दिवशी त्याला एकटं न सोडता मदतीपर्यंत पोहोचवा. अक्षरं वाचतानाच कायम गोंधळ होत असेल तर तपासणीसाठी तज्ज्ञाकडे.

भेटी विरळ करा

आधी आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्याला. तिसऱ्या-चौथ्या भेटीपासून "आज काय करायचं?" हे त्यांनी ठरवायचं. हायलायटरवाली ती मुलगी सत्र संपताना शेवटची आली तेव्हा मी कोरा कागद काढला, तर तिनं तो बाजूला ठेवला आणि पिशवीतून आधीच लिहून आणलेला काढला. त्यावर हिरवं अजून होतंच. "हे तीन मुद्दे राहतायत. शुक्रवारी परत बघते," ती म्हणाली. आणि मग उरलेला अर्धा तास आम्ही भलत्याच गप्पा मारल्या.