चाळीच्या मंडळाचा ठेवा डिजिटल करताय? या चुका टाळा

चाळ पुनर्विकासाला गेली की मंडळाच्या खोलीतलं लोखंडी कपाट रिकामं करावं लागतं. लालबाग-परळमधली अशी कपाटं मी गेली काही वर्षं उपसतोय. भजनाच्या कॅसेट, उत्सवाचे फोटो, स्मरणिकांच्या सीडी, १९८२च्या गिरणी संपातली पत्रकं. ‘सगळं स्कॅन करू’ असं एका रात्रीत ठरतं आणि त्या घाईतच बरंच काही हातचं जातं.

बुरशी आलेली कॅसेट लावून बघणं

मुंबईच्या चार महिन्यांच्या दमटपणात फितीच्या कडेला पांढरी भुकटी धरते. ती बुरशी. अशी कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली की बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा, जाणकाराकडून साफ करून घ्या. स्वच्छ कॅसेट मात्र आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. आवाज दबका येत असेल तर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून बघा. रेकॉर्डिंग एमपी३मध्ये करू नका. वेव्ह फाइल करा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाभराच्या भजनाला साधारण १ जीबी जागा लागते, तेवढी खर्च करा.

जुन्या स्मरणिकेचा मजकूर ‘खराब’ समजून पुसणं

हे मी सर्वांत जास्त वेळा पाहिलंय. पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल शाबूत असते. त्या काळी श्रीलिपी, आकृती, आयएसएम या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फाँट संगणकात नसेल तर खालची चिन्हं उघडी पडतात. सगळं निवडून ‘मंगल’ फाँट लावल्यानं काही होत नाही. मूळ फाँट शोधा, बसवा आणि पान जसंच्या तसं पीडीएफ करून ठेवा. त्या पीडीएफमध्ये एखादं नाव शोधता येणार नाही, म्हणून मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्येही, म्हणजे आजच्या सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या लिपीसंकेतात, आणा. मग डोळ्यांनी वाचा. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. त्यामुळे वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं हटकून घसरतात. देणगीदारांच्या यादीत आडनावं बदलतात, आणि त्या घरच्या माणसाला ते किती लागतं हे मी पाहिलंय.

व्हॉट्सॲपवरून फोटो गोळा करणं

फोटो म्हणून पाठवला की फाइल दाबून लहान केली जाते आणि तपशील कमी होतो, आत नोंदलेली तारीखही जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. कागदी फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. स्कॅन झाला म्हणून मूळ फोटो रद्दीत देऊ नका.

एकच हार्डडिस्क, तीही सेक्रेटरींच्या घरी

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या घरांत काय काय भिजलं ते आठवा. तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक मुंबईबाहेर, पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या सभासदाकडे. क्लाउडचं खातं एकाच माणसाच्या फोनला जोडलेलं नको. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसू शकतं. दरवर्षी गणेशोत्सवाआधीच्या पाद्यपूजनाच्या आसपास प्रत्येक डिस्क जोडून दोन-चार फाइली उघडून पाहा. डिस्क टकटक वाजत असेल तर पुन्हा पुन्हा सुरू करू नका, सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

फोटो आहे, नावं नाहीत

ही चूक नंतर सुधारता येत नाही. फाइलचं नाव ‘आयएमजी ००४७’ असेल तर तीस वर्षांनी तो कोणाचाच फोटो नसतो. वर्ष, जागा, प्रसंग फाइलच्या नावात घाला. माणसांची नावं डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार, साध्या युनिकोड मजकुरात त्याच फोल्डरमध्ये ठेवा. कागदी फोटोच्या मागे बॉलपेन नको, मऊ शिसपेन्सिल वापरा.

आणि नावं विचारण्याचं हे काम आधी करा, स्कॅनरला हात लावण्याच्याही आधी. चाळीतली म्हातारी माणसं आता डोंबिवली, बदलापूर, विरारला विखुरली आहेत. एका भजनी मंडळाच्या फोटोतला पखवाजवाला कोण, ते कोणालाच सांगता येईना. शेवटी फोटो घेऊन डोंबिवलीला एका आजींकडे गेलो. चष्मा लावून त्यांनी अकराही जणांची नावं सांगितली, कोण कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात होता तेसुद्धा. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवलं होतं. त्या फोटोच्या फोल्डरमध्ये आता आजींचा आवाजही आहे.